मधुमेही पायाला प्रकाश-उपचार: लेझर लावण्याआधी, लावताना आणि लावल्यानंतर

तळपायाची जखम दोन-अडीच महिने भरत नाही म्हणून एक निवृत्त एसटी कंडक्टर आमच्या फिजिओथेरपी विभागात आले होते. लाल प्रकाशाने जखम भरते असं त्यांच्या मुलाने मोबाईलवर पाहिलं होतं, म्हणून त्याने बाजारातून शेकायचा लाल दिवा आणला. रोज वीस मिनिटं पाय दिव्यासमोर ठेवायचा असं ठरलं. पाय बधिर असल्यामुळे चटका कळलाच नाही. आठव्या दिवशी मूळ जखमेशेजारी भाजल्याचे दोन फोड उठले होते. मुलाने हे सगळं वडिलांच्या काळजीपोटी केलं होतं आणि आमच्यासमोर तो अक्षरशः रडला.

असे प्रसंग मी पुन्हा पुन्हा पाहते. कुणी चुकीचा दिवा आणतं, तर कुणी बरोबर यंत्र आणून चुकीच्या पायाला लावतं. बहुतेक लोक सगळ्यात शेवटी करायची गोष्ट सगळ्यात आधी करतात. म्हणून इथे सगळा क्रम लावून दिला आहे. रुग्ण, घरची मंडळी आणि या कामात नव्याने आलेले फिजिओथेरपिस्ट या तिघांनाही तो उपयोगी पडेल. जखमेवरचा प्रकाश-उपचार मात्र प्रशिक्षित माणसाच्या हातूनच व्हायला हवा. घरच्यांचं काम त्याच्या आधीचं आणि नंतरचं आहे, आणि खरं सांगायचं तर जास्त मोठं तेच आहे.

## टप्पा १: कोणता प्रकाश, हे आधी नक्की करा

'लाइट थेरपी' या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली आहे कमी तीव्रतेचा लेझर किंवा एलईडी. त्याचा प्रकाश तांबडा, साधारण ६३० ते ६७० नॅनोमीटरचा असतो, किंवा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, साधारण ८०० ते ९०० नॅनोमीटरचा. इथे उष्णता देणं हा हेतूच नाही. पेशींमधली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा हा प्रकाश शोषते आणि त्यातून दुरुस्तीच्या कामाला चालना मिळते, असं त्यामागचं तत्त्व आहे. लावताना त्वचा फार तर किंचित कोमट लागते. या लेखात 'प्रकाश-उपचार' म्हटलं आहे तो हाच.

दुसरा आहे शेकायचा दिवा. दीडशे-अडीचशे वॉटचा, लाल काचेचा, पाठ-कंबर शेकायला वापरतात तो. तो उष्णता देतो. बधिर पायाला तो कधीही लावू नका.

तिसरा आहे अतिनील प्रकाश. जंतू मारण्याच्या नावाखाली त्याचे छोटे दिवे मिळतात. ते त्वचेला आणि डोळ्यांना इजा करतात, त्यामुळे घरी त्यांचा विचारच नको.

तपासा: यंत्रावर किंवा माहितीपत्रकात तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये लिहिलेली आहे का? फक्त 'वॉट' लिहिलं असेल आणि समोर हात धरल्यावर ऊब जाणवत असेल, तर ते शेकण्याचं साधन आहे.

## टप्पा २: आज प्रकाश नाही, आज रुग्णालय

खालीलपैकी एकही खूण दिसली तर लेझरची वेळ रद्द करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

- जखमेभोवतीची लाली कडेपासून दोन सेंटिमीटरपेक्षा पुढे गेली आहे, किंवा वर सरकते आहे
- पू, दुर्गंधी, ताप, थंडी वाजणं, किंवा कारण नसताना साखर अचानक वाढणं
- बोट किंवा टाच काळी-निळी पडणं, पाय थंडगार लागणं, रात्री झोपल्यावर पोटरी-पावलात असह्य कळा येणं
- जखम नसतानाही एकच पाऊल सुजलेलं, लाल आणि दुसऱ्यापेक्षा गरम

शेवटच्या खुणेकडे फार दुर्लक्ष होतं. दुखत नाही, जखम नाही, म्हणून 'मुरगळला असेल' म्हणत लोक चालत राहतात. मधुमेहात नसा बधिर झालेल्या पावलात आतली हाडं आणि सांधे खचू लागतात तेव्हा अगदी असंच दिसतं. त्याला चार्को फूट म्हणतात. वेळेत प्लास्टर घालून पाय स्थिर केला नाही तर पावलाची कमान कायमची कोसळते. अशा पायावर प्रकाश मारत बसणं म्हणजे हातची वेळ घालवणं आहे.

## टप्पा ३: पायाच्या तपासण्या

यंत्राचं नावही काढण्याआधी या तपासण्यांचे कागद हातात हवेत.

रक्तपुरवठा. पावलात रक्तच नीट पोचत नसेल तर कुठलाही प्रकाश जखम भरू शकत नाही. घोट्याचा रक्तदाब आणि दंडाचा रक्तदाब यांचं गुणोत्तर काढतात, त्याला एबीआय म्हणतात. ते ०.९ पेक्षा कमी आलं तर रक्तपुरवठा घटलेला आहे. इथे एक मोठा फसवा कोपरा आहे. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात रक्तवाहिन्यांच्या भिंती चुन्यासारख्या कडक होतात, दाबल्या जात नाहीत, आणि आकडा खोटा मोठा येतो. १.३ च्या वरचा आकडा पाहून 'अरे वा, उत्तम' म्हणू नका. अशा वेळी पायाच्या अंगठ्यातला दाब मोजायला सांगा. तो पाऱ्याच्या ३० मिलिमीटरच्या खाली असेल तर आधी रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे, तेही तातडीने.

संवेदना. दवाखान्यात दहा ग्रॅमचा दाब देणारा नायलॉनचा तंतू तळव्यावर टेकवून आणि १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्यावर ठेवून पाहतात. घरीही एक सोपी चाचणी करता येते. रुग्णाला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला तुमच्या बोटाने एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करा. दाबू नका, टोचू नका, ठोकू नका. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणचा स्पर्श कळला नाही तर पाय बधिर झालेला आहे असं धरून चाला.

जंतुसंसर्ग आणि हाड. जखमेत निर्जंतुक सळई घालून ती हाडाला टेकते का हे डॉक्टर पाहतात. टेकली तर हाडात संसर्ग असण्याची शंका येते आणि एक्स-रे, कधी एमआरआय लागतो. वरून जखम आक्रसते आहे आणि आत हाड सडतं आहे, ही स्थिती सगळ्यात वाईट. अशा जखमेवर प्रकाश देऊन वरचं तोंड बंद झालं तर पू आत कोंडतो.

साखर. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी), सकाळची आणि जेवणानंतरची साखर, सोबत किडनीची तपासणी. प्रकाशाने रक्तातली साखर कमी होत नाही. कुणी तसं सांगत असेल तर तिथून उठा.

## टप्पा ४: जखमेवरचा भार काढा

सगळ्यात जास्त अपयश याच टप्प्यावर येतं, म्हणून इथे जरा थांबते.

तळव्यावरची जखम बहुतेक वेळा एकाच जागी पुन्हा पुन्हा पडणाऱ्या दाबाने होते. निरोगी माणसाला ती जागा दुखते आणि तो आपोआप पाऊल वेगळं टाकतो. बधिर पायाला दुखतच नाही, म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो. मग आठवड्यातून तीनदा, दोन-दोन मिनिटं प्रकाश, आणि उरलेला सगळा वेळ जखमेवर साठ-सत्तर किलोचं वजन! या हिशेबात प्रकाश हरणारच.

तळव्याच्या जखमेसाठी पहिली पसंती गुडघ्यापर्यंतच्या, रुग्णाला स्वतः काढता न येणाऱ्या साधनाला आहे. म्हणजे पूर्ण पायाला नीट बसणारं विशेष प्लास्टर किंवा कायम बांधलेला वॉकर बूट. रक्तपुरवठा फार कमी असेल किंवा संसर्ग जोरात असेल तर ते चालत नाही, ते डॉक्टर ठरवतील. ज्यांना प्लास्टर शक्य नाही त्यांना काढता येणारा बूट, किंवा पुढचा अथवा मागचा भाग मोकळा ठेवणारी खास चप्पल मिळते. एमसीआर रबराची मऊ चप्पल जखम होऊ नये म्हणून फार चांगली आहे. पण उघड्या जखमेचा भार काढायला बहुधा ती एकटी पुरत नाही.

आता आपल्या घरांतली अडचण. आपण चप्पल उंबऱ्याबाहेर काढतो. दवाखान्यात येताना रुग्णाच्या पायात महागडी चप्पल असते आणि घरात शिरलं की दिवसभर तो अनवाणी असतो. 'घरातल्या घरात काय चालतो मी?' असं प्रत्येक जण म्हणतो. मी एका मावशींना दिवसभराच्या फेऱ्या मोजायला लावल्या. ओटा, बेसिन, देवघर, गच्चीवरचे कपडे, दारावरची बेल. संध्याकाळपर्यंत वहीत साठच्या वर रेघा झाल्या. यावर उपाय एकच, घरात घालायचा एक स्वतंत्र, कधीही बाहेर न गेलेला जोड. देवघरापुढे खुर्ची ठेवा आणि बसून पूजा करा. देव रागावणार नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनी हे एकदा मोठ्याने सांगितलं की रुग्ण ऐकतो, आमचं ऐकत नाही.

मांडी घालून बसण्याकडेही लक्ष द्या. घोट्याच्या बाहेरच्या हाडावर आणि पावलाच्या बाहेरच्या कडेला पडणाऱ्या जखमा कितीदा तरी जमिनीवर मांडी घालून बसल्यामुळे न भरता राहतात. जखम तिथे असेल तर बूट घालूनही काही होणार नाही, बसण्याची जागा बदलावी लागेल.

तपासा: रात्री बाथरूमला जाताना पायात काय असतं? उत्तर 'काही नाही' असेल तर हा टप्पा पूर्ण झालेला नाही. पुढे जाऊ नका.

## टप्पा ५: काय अपेक्षा ठेवायची ते आधीच ठरवा

बेळगावला झालेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६८ रुग्ण होते. सगळ्यांच्या जखमा वरवरच्या होत्या, चार आठवड्यांहून जुन्या होत्या. निम्म्यांना नेहमीच्या उपचारासोबत कमी तीव्रतेचा लेझर दिला, निम्म्यांना फक्त नेहमीचा उपचार. पंधरा दिवसांत लेझर मिळालेल्यांच्या जखमेचं क्षेत्रफळ सरासरी ४० टक्क्यांनी घटलं, दुसऱ्या गटाचं सुमारे १२ टक्क्यांनी. आकडे आशा वाटावी असे आहेत, पण ते वरवरच्या जखमांचे आणि पंधराच दिवसांचे आहेत, हे विसरू नका. हाडापर्यंत गेलेल्या किंवा काळ्या पडलेल्या पायाला ते लागू होत नाहीत. मधुमेही पायावरच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही अशा भौतिक साधनांना नेहमीच्या उपचाराची जागा दिलेली नाही.

बधिरपणा आणि मुंग्यांचं चित्र आणखी सावध करणारं आहे. ८९० नॅनोमीटरच्या अवरक्त एलईडी पॅडने संवेदना परत येतात असा एके काळी मोठा प्रचार होता. अमेरिकेत ६९ जणांवर ९० दिवस घरच्या घरी वापरून चाचणी झाली, तिचा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. खरं यंत्र लावलेल्यांत आणि तसंच दिसणारं बंद यंत्र लावलेल्यांत फरक निघाला नाही. तिथल्या सरकारी आरोग्य विम्याने त्याआधीच, २००६ मध्ये, अशा यंत्रांचा खर्च द्यायचं नाकारलं होतं.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. वरवरची, स्वच्छ, चांगला रक्तपुरवठा असलेली जखम, भार काढलेला, साखर आटोक्यात, आणि तरीही भरण्याचा वेग मंद असेल, तर प्रकाश जोड म्हणून वापरून पाहावा. फक्त बधिरपणासाठी घरात महागडं यंत्र घेऊ नये. ते पैसे चप्पल, ड्रेसिंग आणि तपासण्यांना लावावेत.

## टप्पा ६: कुणाला देऊ नये

त्या भागात कर्करोग असेल किंवा तशी शंका असेल, पायात रक्ताची गुठळी असेल, जखमेतून रक्त वाहत असेल, किंवा उपचार सुरू न केलेला संसर्ग असेल तर नाही. गरोदर स्त्रीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

औषधांची यादी सोबत न्या. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, काही लघवीच्या गोळ्या आणि हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन यांसारखी औषधं त्वचेला प्रकाशाबाबत हळवी करतात. हा त्रास मुख्यतः उन्हातल्या अतिनील किरणांनी होतो, तरी उपचार करणाऱ्याला माहीत असलेलं बरं. मधुमेही पायाच्या संसर्गाला यातली प्रतिजैविकं दिली जातात, म्हणून हे आवर्जून सांगते आहे.

## टप्पा ७: डोसचा हिशेब

'दहा मिनिटं लावा' हा डोस होत नाही. डोस मोजतात जूल प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये. गणित सोपं आहे:

दर चौरस सेंटिमीटरला मिळणारे मिलिवॉट × सेकंद ÷ १००० = दर चौरस सेंटिमीटरला मिळालेले जूल

यंत्र त्वचेवर दर चौरस सेंटिमीटरला ४० मिलिवॉट देत असेल आणि ४ जूल द्यायचे असतील, तर १०० सेकंद. जखमांवरच्या अभ्यासांत बहुधा २ ते १० जूलच्या दरम्यानचे डोस वापरलेले दिसतात. आता घरगुती पॅनेल घ्या: १०० मिलिवॉटचा दावा आणि दहा मिनिटं वापरायची सूचना. ६०० सेकंदांत ६० जूल झाले! या उपचारात जास्त म्हणजे चांगलं असं नसतं. ठराविक मर्यादेपर्यंत पेशींना चालना मिळते, त्यापुढे परिणाम ओसरतो आणि उलटही जाऊ शकतो. फार कमी डोसचा उपयोग होत नाही, फार जास्त डोसचाही होत नाही, मधल्या पट्ट्यात राहावं लागतं.

नव्या सहकाऱ्यांची ठरलेली चूक म्हणजे 'एका बिंदूला ४ जूल' आणि 'चौरस सेंटिमीटरला ४ जूल' एकच समजणं. १०० मिलिवॉटचा प्रोब (यंत्राचा हातात धरायचा, प्रकाश देणारा भाग) ४० सेकंद धरला की ४ जूल झाले, हे बरोबर. पण प्रोबच्या टोकाचं क्षेत्रफळ ०.१ चौरस सेंटिमीटर असेल तर तिथे दर चौरस सेंटिमीटरला ४० जूल पडले. टोक १ चौरस सेंटिमीटरचं असेल तरच ४. म्हणून यंत्राच्या पुस्तिकेत टोकाचं क्षेत्रफळ शोधा. सापडत नसेल तर विक्रेत्याकडून लेखी घ्या. यंत्राचा परवाना किंवा नोंदणी क्रमांकही त्याच वेळी मागा, भारतात वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७ चे नियम आहेत.

सावधान: जास्त शक्तीच्या, चौथ्या वर्गाच्या लेझरने त्वचा तापते. सावळ्या त्वचेतलं रंगद्रव्य प्रकाश अधिक शोषतं, त्यामुळे तिथे तापमान लवकर चढतं. बधिर रुग्ण 'गरम लागतंय' असं सांगू शकत नाही. अशा पायावर प्रोब एका जागी धरून ठेवू नये आणि दुसऱ्या हाताने त्वचा सतत चाचपत राहावं.

## टप्पा ८: पायाची आणि खोलीची तयारी

१. जुनी पट्टी सलाईनने भिजवून काढा. कोरडी ओढली तर नवी आलेली नाजूक त्वचा तिच्यासोबत निघते.

२. जखम सलाईनने धुवा. मलम, पांढरं क्रीम, बिटाडीन, हळद, यातलं काहीही उरता कामा नये. पांढरा थर प्रकाश परतवतो आणि रंगाचा थर शोषतो. पावलावर मेंदी किंवा आळता असेल तर तेही उपचार करणाऱ्याच्या लक्षात आणून द्या.

३. मेलेली त्वचा आणि कडेचा घट्टा डॉक्टरांनी किंवा प्रशिक्षित परिचारिकेने काढायचा. घट्ट्याखाली जखम लपलेली असते आणि त्या थरातून प्रकाशही नीट जात नाही. घरी ब्लेडने खरवडणं आणि दुकानातल्या कुरूपाच्या पट्ट्या लावणं, दोन्ही बंद. त्या पट्ट्यांतलं आम्ल बधिर पायात खोल जखम करतं.

४. पैंजण, अंगठी, जोडवी काढा. धातूवरून प्रकाश परावर्तित होतो, आणि सुजलेल्या बोटात जोडवं रुतून बसतं ते वेगळंच. जोडवी काढायला बायका सहज तयार होत नाहीत. घाई करू नका, सासूबाईंना किंवा नवऱ्याला समजावून सांगायला लावा. सूज उतरली की परत घालता येतात.

५. दोघांनीही चष्मा लावा, म्हणजे रुग्णाने आणि देणाऱ्याने. साधा काळा चष्मा चालत नाही. यंत्राच्या तरंगलांबीचा आकडा चष्म्यावर छापलेला असावा लागतो. अवरक्त लेझर दिसत नाही, त्यामुळे डोळा आपोआप मिटत नाही. मधुमेहाने आधीच पडदा दुबळा झालेल्या रुग्णांच्या बाबतीत तर अजिबात हयगय नको. स्टीलचा ट्रे आणि आरसा बाजूला करा.

६. दोन्ही पावलांच्या त्याच त्या जागांचं तापमान मोजा. त्वचेचा तापमापक असेल तर उत्तम, नसेल तर हाताच्या मागच्या बाजूने अंदाज घ्या. दोन्ही बाजूंत २ अंश सेल्सिअसहून जास्त फरक असेल तर थांबा आणि टप्पा २ पुन्हा वाचा.

## टप्पा ९: प्रत्यक्ष प्रकाश देणं

आधी कडा. जखमेच्या भोवती, धडधाकट त्वचेवर, साधारण एक-एक सेंटिमीटर अंतराने बिंदू घ्या. प्रोबवर पारदर्शक पातळ प्लॅस्टिक गुंडाळा, प्रत्येक रुग्णाला नवं. प्रोब त्वचेला काटकोनात आणि हलका टेकलेला हवा. तिरका धरला की बराचसा प्रकाश बाहेर फेकला जातो.

मग जखमेचा तळ. इथे टेकवायचं नाही. अर्धा ते एक सेंटिमीटर वरून, सगळीकडे सारखं फिरवत. अंतर वाढलं की मिळणारा डोस झपाट्याने घटतो, त्यामुळे हात दमला म्हणून प्रोब वर उचलला जात नाही ना, याकडे लक्ष ठेवा. मोठ्या जखमेला हात टेकवायला उशी घ्या.

रोज द्यायचा की एक दिवसाआड, हे उपचार करणारा जखमेकडे पाहून ठरवतो. दोन बैठका चुकल्या म्हणून तिसऱ्या दिवशी तिप्पट वेळ देऊ नका.

झाल्यावर त्वचा पाहा. किंचित गुलाबी दिसली तर हरकत नाही. लालभडक, फोड किंवा हाताला गरम लागली तर बैठका थांबवा.

तपासा: तारीख, तरंगलांबी, मिलिवॉट, सेकंद, बिंदूंची संख्या वहीत लिहिलीत का? 'लेझर दिला' एवढीच नोंद असेल तर महिन्याने काय बदलायचं हे कुणालाच कळणार नाही.

## टप्पा १०: लगेच ड्रेसिंग, लगेच चप्पल

जखम उघडी ठेवून 'हवा लागू दे' असं करू नका. कोरडी पडलेली जखम हळू भरते. डॉक्टरांनी सांगितलेलं, ओलावा सांभाळणारं ड्रेसिंग लगेच लावा आणि टेबलावरून खाली उतरण्याआधी बूट किंवा चप्पल पायात घाला. पायरीपासून खुर्चीपर्यंत 'दोनच पावलं' अनवाणी, ही आमच्या खोलीत रोज घडणारी चूक आहे.

घरी गेल्यावर पाय गरम पाण्यात बुडवू नका. आंघोळीचं पाणी ३७ अंशांच्या आत असावं, आणि ते घरातल्या दुसऱ्या कुणाच्या कोपराने तपासावं, रुग्णाच्या पायाने नाही. गरम पाण्याची पिशवी, शेगडी, गाडीचं तापलेलं सायलेन्सर, दुपारच्या वेळी देवळाची फरशी, सगळं टाळायचं.

## टप्पा ११: दर आठवड्याला मोजा

एकच दिवस ठरवा. जखमेशेजारी कागदी पट्टी ठेवून, त्याच अंतरावरून, त्याच उजेडात फोटो काढा. सगळ्यात मोठी लांबी आणि तिला काटकोनात सगळ्यात मोठी रुंदी मोजा आणि गुणाकार करा. ३ सेंटिमीटर लांब आणि २ रुंद म्हणजे ६. चार आठवड्यांनी तो आकडा ३ किंवा त्याहून कमी व्हायला हवा, म्हणजे निम्मा. तेवढं झालं नाही तर बारा आठवड्यांत जखम भरण्याची शक्यता फार कमी असते.

घाव आकसला नाही की पहिली मागणी येते, 'डोस वाढवा ना.' आधी टप्पा ३ आणि ४ पुन्हा तपासा. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा उत्तर चपलेत सापडतं, नाहीतर रक्तपुरवठ्यात, आणि कधी हाडात. तिथे सगळं ठीक असेल तर मगच डोसकडे पाहा. चार आठवड्यांनीही काही फरक नसेल तर बैठका बंद करून डॉक्टरांना पुढचा मार्ग विचारा. पॅकेजचे पैसे भरलेत म्हणून उरलेल्या बैठका पूर्ण करायला जाऊ नका.

## टप्पा १२: जखम बंद झाल्यावर, किंवा मुंग्या कमी झाल्यावर

वरची त्वचा जुळली तरी खालची अजून कच्ची असते. बूट काढून एकदम जुन्या चपलेत जाऊ नका. आतून मऊ, पायाच्या मापाने बनवलेलं पादत्राण तयार ठेवा आणि रोज थोडा थोडा वेळ वाढवत जा. ज्या जागी एकदा जखम झाली ती जागा रोज संध्याकाळी पाहायची. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा, किंवा नातवंडाला पाहायला सांगा. लाल डाग, फोड, घट्ट्याखाली काळसर ठिपका दिसला की दुसऱ्याच दिवशी दाखवा.

प्रकाशाने किंवा औषधाने रात्रीची जळजळ कमी झाली तर चांगलंच आहे, झोप लागेल. पण जळजळ कमी होणं आणि संवेदना परत येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दहा ग्रॅमचा तंतू पुन्हा लावून पाहिल्याशिवाय खास चप्पल माळ्यावर टाकू नका. कंडक्टर काकांची जखम पुढे प्लास्टर आणि ड्रेसिंगने भरली. लेझरच्या सहाच बैठका लागल्या. आता ते दर तीन महिन्यांनी येतात, दारातच चप्पल उलटी करून तळवा मला दाखवतात आणि झिजलेली कड मी सांगायच्या आधी स्वतः बोटाने दाखवतात.